तात्यांचा तारांकित प्रश्न

तात्यांना ‘नाही’ म्हणता यायचं नाही. खोटं सांगत नाही, मी त्यांच्याकडे दोन टर्म काढल्या, तेवढ्या काळात दारात आलेल्या माणसाला त्यांनी नाही म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. बारसं असो, जिमचं उद्घाटन असो, कुणाच्या नव्या टेम्पोची पूजा असो, समोरचा पत्रिका पुढे करायचा आणि तात्या ती कपाळाला लावून म्हणायचे, “येतो की!” आणि तेही असं मनापासून, की माणूस खूश होऊन जिना उतरायचा. मग तात्या हळूच माझ्याकडे बघायचे. वर्गाची काच फोडलेलं पोर बाईंकडे बघतं ना, तसं. कारण त्याच दिवशी त्याच वेळेला त्यांनी आणखी तिघांना येतो की म्हटलेलं असायचं, आणि तिकडे दिल्लीत अधिवेशन चालू असायचं.

तात्या आमचे खासदार. चाकणच्या अलीकडच्या एका जुन्या गावातले. घरात राजकारण कुणी केलेलं नाही. कंपनीत फिटर होते, मग युनियनमध्ये गेले, मग झेडपीत, आणि एका निवडणुकीत भल्याभल्यांचे अंदाज चुकवून थेट लोकसभेत जाऊन बसले. मी त्यांची पीए. लोकांना वाटतं पीए म्हणजे मोठं प्रस्थ. कसलं प्रस्थ! पिंपरीच्या कंपनीतून रिटायर झालेल्या कामगाराची मी मुलगी, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, आणि शिव्या खायला पगारी. तात्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण मला ‘ताई’ म्हणायचे आणि मला घाबरायचेसुद्धा.

माझ्या टेबलावर एका अंगाला अधिवेशनाचं वेळापत्रक आणि दुसऱ्या अंगाला पंचांग. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतल्यापासून आमच्या घरात पंचांगाला कुणी हात लावला नव्हता, आणि इथे मला गोरज मुहूर्त कधी नि दाट लग्नतिथी कुठल्या हे भटजीपेक्षा पाठ! आईला कळलं तेव्हा ती आठवडाभर मला ‘गुरुजी’ म्हणत होती. पण करणार काय? तुळशीचं लग्न लागलं की इकडे लग्नांची झुंबड, आणि नेमकं तेव्हाच तिकडे हिवाळी अधिवेशन. बजेटचं अधिवेशन जरा रंगात येतंय तोवर इकडे गावोगावच्या जत्रा. उरलेल्या दिवसांत माणसं मरतात, त्याला तर वेळापत्रकच नाही.

तात्या चहा अर्धाच कप घ्यायचे. त्यामागे शास्त्र होतं. एका सकाळी पंधरा घरं झाली तर पंधरा अर्धे कप जिरवता येतात, पूर्ण कप घेतले की आठव्या घरी माणूस आडवा. जेवायच्या पंगतीत बसून ते फक्त भात कालवत राहायचे आणि उठताना “लई झालं” म्हणायचे. गाडीत मागे दोन जोड असायचे, गावासाठी पटकन काढता येणारी चप्पल आणि दिल्लीसाठी बूट. ते बूट म्हणजे त्यांना शिक्षाच होती. मी एकदा कामासाठी दिल्लीला गेले होते तेव्हा बघितलं, माणूस खोलीत आला की आधी बूट काढून पाय चोळत बसायचा. आणि फोन कानाला. कुठे ट्रान्सफॉर्मर जळालाय, कुठे टँकर आला नाही. शेजारच्या टेबलावर विधेयकांचे गठ्ठे तसेच पडलेले.

“तात्या, हे वाचायचं कधी?” मी म्हटलं.

“विमानात वाचतो.”

“विमानात तुम्ही झोपता.”

“मग झोपायचं कधी, ते बी तुमीच सांगा.”

एकदा मात्र मुंबई हायवेला देहूरोडच्या जरा पुढे, गाडी अडकलेली असताना, ते आपणहून बोलले होते. “ताई, दिल्लीत असलो की वाटतं गावाकडं कुणीतरी हाका मारतंय. गावात आलो की वाटतं, तिकडं आपलं नाव पुकारलं आन् आपण न्हाई. मी खरा कुठंच नसतो बघा.” मी त्यांना म्हटलं, एकदा ठामपणे नाही म्हणून बघा, जमेल. तर म्हणाले, “आवं, म्होरचा माणूस पत्रिका घेऊन दोन तास बसलेला असतो. त्याच्या तोंडाकडं बघून न्हाई कसं म्हनायचं?” म्हणजे दिल्लीला तोंड नव्हतं, हीच सगळी अडचण. सभागृह काही पत्रिका घेऊन जिन्यात ताटकळत बसत नाही.

आता गेनुभाऊंचं सांगते. तात्यांच्या शेजारच्या गावातले म्हातारे, पटका बांधणारे, दर सोमवारी आमच्या ऑफिसात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. त्यांचा मुलगा संतोष चाकणला एका छोट्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली प्रेस मशीन चालवायचा. माल जास्त निघावा म्हणून, हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला. एका शिफ्टला प्रेस खाली आला आणि संतोषच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदार म्हणाला, हा आमच्या हजेरीपटावरच नाही. कारखाना म्हणाला, आम्ही ओळखत नाही. गेनुभाऊंना भरपाईचं फारसं पडलं नव्हतं, ते दर वेळी एकच म्हणायचे, “तात्या, ते मशीन अजून तसंच चालू हाय. त्यावर दुसऱ्याचं पोरगं बसवलंय. कुणीतरी इचारा की त्यांना.”

तात्या स्वतः फिटर. सेन्सर बंद करणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पत्रं झाली, अधिकाऱ्यांना फोन झाले, तपासणीला माणसं आली त्या दिवशी सेन्सर चालू, गेली की बंद. शेवटी तात्या म्हणाले, “ताई, हे तिकडंच इचारायचं. तारांकित टाका.” तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. लेखी उत्तर काय, कुणीही गोलगोल लिहून देतं. खरी गंमत पुढच्या पुरवणी प्रश्नात असते. तिथे मंत्र्याला कागदाबाहेरचं बोलावं लागतं आणि एखादा शब्द सर्वांसमोर देऊन बसावं लागतं. पण त्या प्रश्नांची सोडत निघते आणि तासाभरात पहिले पाच-सहाच होतात. आम्ही टाकत राहिलो. कधी नंबर लागायचा नाही, लागला तर सतरावा, अठरावा.

आणि मग त्या हिवाळी अधिवेशनात लागला. तिसरा! मी ऑफिसात अक्षरशः ओरडले. गेनुभाऊंना फोन केला तर त्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, “म्हंजी आता इचारनार व्हय?” “विचारणार,” मी म्हटलं.

त्या पंधरवड्यात तात्या वेगळेच माणूस झाले होते. गाडीत बसले की पुरवणी प्रश्नाची तालीम, आणि तीही हिंदीतून. मी म्हटलं, मराठीत बोला, आधी कळवलं की चालतं. तर नाही. “मंत्र्याला सरळ कानात गेलं पायजे, मधी दुभाष्या नको.” मग सुरू व्हायचे, “मंत्री महोदय, मैं खुद फिटर था. सेन्सर अपने आप बंद नहीं होता, उसको बंद करने को कोई बोलता है. वो बोलनेवाले पे आप क्या करनेवाले है, इतनाच बताइये.” ‘इतनाच’ नको, ‘इतना ही’ म्हणा, असं मी सांगायची. त्यांचं आपलं इतनाच. शेवटी मीच नाद सोडला. तेच जास्त खरं वाटत होतं.

पाच दिवस गेले आणि गेनुभाऊ गेले. झोपेतच. दहावा आला तो बरोबर प्रश्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी आठला, इंद्रायणीच्या घाटावर. तात्यांनी माझ्याकडे त्या काच फोडलेल्या पोराच्या नजरेनं बघितलंच नाही. सरळ म्हणाले, “ह्या दहाव्याला मी जानार.” आणि मला त्यात काही गैर वाटेना. ज्याच्यासाठी प्रश्न विचारायचा त्याच्या दहाव्याला नाही जायचं, तर कुणाच्या? मी डायरीत लिहिलं: आठ ते नऊ दशक्रिया, दोनचं विमान. मध्ये पाच तास. निवांत जाऊन पण वेळ उरेल, असं मनाशी म्हटलं.

इथे माझं चुकलं. आमच्यात जलदान विधी असतो. भंतेजी येतात, वंदना होते, चार माणसं बोलतात, कार्यक्रम संपतो. पंचांग मी पाठ केलं होतं, पण दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणी उठत नाही, ही गोष्ट मला ऐकून माहीत होती, अनुभवानं माहीत नव्हती. डायरीत मी माणसांसाठी वेळ ठेवला. कावळ्यासाठी नाही ठेवला.

मीही त्या दिवशी गेले होते. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, माइकवरून “खासदारसाहेब आवर्जून उपस्थित आहेत” हे तीनदा झालं. पिंड मांडले. सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळा नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पलीकडच्या बाभळीवर दोन बसलेले होते, पण खाली उतरायचं नाव नाही. लोक आळीपाळीनं पुढे होऊन बोलू लागले. भाऊ म्हणाला, शेताचा बांध तसाच ठेवतो. मुलगी म्हणाली, आईला मी बघीन. कावळा नाही. मग गर्दीतून कुणीतरी बोललंच, “त्यांचा जीव त्या मशीनच्या प्रश्नात अडकलाय. तात्या, तुमी शब्द द्या.”

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या अनवाणी पुढे गेले. हात जोडले. “गेनुभाऊ,” ते म्हणाले, “उद्या सकाळी अकरा वाजता मी तिथं उभा ऱ्हाऊन इचारनार. तुमचं नाव न्हाई घेता येनार, पर तुमचंच असंल ते. जावा तुमी.” कावळा आला नाही.

आता काय करायचं? दहा वाजले, साडेदहा. मी लांबून घड्याळ दाखवत होते. एका म्हाताऱ्यानं सुचवलं, दर्भाचा कावळा करून शिववा, चालतं शास्त्रात. गेनुभाऊंची बायको, सगळे तिला काकी म्हणत, ती म्हणाली, न्हाई, खराच शिवला पायजे. मी तात्यांजवळ गेले आणि हळूच म्हटलं, “तात्या, निघा. लोक समजून घेतील.” तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “शब्द दिलाय ताई. आता कावळा शिवायच्या आत उठलो तर गाव म्हनंल, खासदाराचा शब्द मेलेल्या माणसानं सुदिक घेतला न्हाई, आन् खासदार पळाला. आन् गावाचं सोडा. मलाच काय वाटंल?” त्यांच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरच्या थंडीत. खुंटाला बांधलेल्या बैलासारखे उभे होते. इतका राग आला मला! कावळ्याचा, गावाचा, तात्यांचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या डायरीचा.

साडेबाराला संतोष पुढे झाला. तोवर तो मागेच बसला होता. उकिडवा बसून, तो हात मांडीवर ठेवून म्हणाला, “आण्णा, माझं चाललंय बरं का. डाव्या हातानं जेवाया येतंय मला आता. तुमी माझा घोर करू नगा.” आणि उठून मागे आला. पाच मिनिटांत कावळा खाली उतरला. बायका रडू लागल्या. तात्यांनी संतोषच्या खांद्यावर हात ठेवला आणि जवळजवळ पळतच गाडीकडे गेले.

पुढचं सांगायला नको, या भागात राहणाऱ्याला ते पाठ आहे. मोशीच्या आधी कंटेनर बंद पडलेला, मागे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग. दोनचं विमान गेलं. संध्याकाळचं दिल्लीच्या धुक्यात रद्द झालं. पहाटेचं मिळालं, तेही उशिरा सुटलं. पावणेअकराला ते दिल्लीत उतरल्याचा निरोप आला. मी हिशेब केला, तिसरा प्रश्न यायला अकरा वीस तरी होतील. पोचतील. पोचायलाच पाहिजेत!

इकडे आकुर्डीच्या ऑफिसात संतोष आणि काकी सकाळीच येऊन बसले होते, टीव्हीवर बघायला. काकींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दहावा होऊन एक दिवस झालेला, तरी आल्या होत्या. पहिला प्रश्न झाला. दुसरा लवकर आटपला. त्याचं काय ते उत्तर चार वाक्यांत संपलं. मी मनात म्हणत होते, अरे बोला की अजून, एरवी तर थांबत नाही! अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला आणि तात्यांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. कॅमेरा त्या रांगेवर गेला. रिकाम्या बाकावर जरासा थांबला. पुन्हा एकदा नाव झालं. मग पुढचा क्रमांक.

काकींनी विचारलं, “झालं व्हय? काय म्हनले?”

संतोष म्हणाला, “आये, तात्या पोचले न्हाईत.”

काकी टीव्हीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आपल्या पायीच उशीर झाला गं बाई त्यांना.” माझ्याकडे बघून म्हणाल्या, अपराध्यासारख्या.

दहा मिनिटांनी तात्यांचा फोन आला. मी बाहेर गॅलरीत गेले. “ताई, मी गेटवर व्हतो. गेटवर.” मग नुसतं धापा टाकणं. मग एकदम, “त्यांनी बघितलं का?”

मी म्हटलं, “नाही तात्या. इथे सकाळपासून लाइट नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. मागे खोलीत टीव्हीचा आवाज चालू होता.

उत्तर लेखी आलं, जसं येतं तसं. विषय राज्याच्या अखत्यारीत, माहिती मागवण्यात येत आहे. मी ते फाइलला लावलं. नंतर प्रत्येक अधिवेशनात आम्ही तोच प्रश्न टाकला. पुन्हा पहिल्या दहांत आला नाही. टर्म संपली आणि तात्यांचं तिकीट कापलं गेलं. कारण काय दिलं असेल? “सभागृहात प्रभाव दिसत नाही.” मी ती बातमी वाचून पेपर भिरकावला. तात्या म्हणाले, “खरंच हाय की ते.”

तात्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. आम्ही ऑफिस आवरलं तो दिवस मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खोकी बांधून झाली होती. मनात इतकी वर्षं टोचत होतं ते मी शेवटी बोलून टाकलं. “तात्या, त्या दिवशी मी खोटं बोलले. लाइट होती. त्यांनी सगळं बघितलं.”

“ठावं हाय मला,” तात्या म्हणाले. “त्याच आठवड्यात गेलो व्हतो त्यांच्या घरी. माफी मागाया.”

“मग? कधी बोलला नाहीत.”

“काय बोलू? काकींनी चहा केला. म्हनल्या, तुमी घाटावर शेवटपातुर थांबला, एवढं कोन करतं, आमच्या घरात तुमचं नाव ऱ्हाईल. शेजारपाजारचे बी जमले. समदे तेच. दहाव्याला थांबले, दहाव्याला थांबले. प्रश्नाचं कुनी काढंना. मीच काढला तर काकी म्हनल्या, ऱ्हाऊ द्या हो, ते काय आपल्या हातात असतं?” ते खोक्यावर बसले. “निघताना संतोष पाया पडला माझ्या. त्या हातानं. पायाला दोनच बोटं लागली, ताई.”

रस्त्यावरून दुसऱ्या शिफ्टच्या बस निघाल्या होत्या, चाकणकडे.

“त्यांनी मला शिव्या घालायला पायजे व्हत्या,” तात्या म्हणाले. “शिव्या घातल्या असत्या ना, तर सुटलो असतो.”